गोदामाचं वळण

(सायकल दुरुस्तीचं दुकान. सकाळचे नऊ वाजत आलेत. कामाच्या टेबलावर मोबाईल.)

आई: निळी सायकल, शाळेचा गणवेश आणि दोन वेण्या. एवढंच कळलंय. आणखी काय सांगू तुम्हाला, बाबा?

आजोबा: आधी बस बघू. त्या स्टुलावर बस. माझे हात तेलाचे आहेत, नाहीतर धरून बसवलं असतं तुला.

आई: बसायला नाही आले मी. आपली चिंगी किती वाजता निघाली इथून?

आजोबा: रोजच्या वेळेला, सव्वासात-साडेसात. हवा मीच भरून दिली. ब्रेक दाबून बघितले. घंटी वाजवून गेली पोर.

आई: अपघात पावणेआठच्या सुमाराला झालाय. आमच्या रस्ते विभागात फोन आला, गोदामाच्या वळणावर ट्रक वळत होता आणि शाळेची मुलगी खाली आली. मी नकाशा तसाच पसरलेला टाकून उठले.

आजोबा: कुठल्या दवाखान्यात नेलंय?

आई: कुणालाच धड माहीत नाही. एक म्हणतो मोठ्या, एक म्हणतो जवळच्या. जगली का, तेही कुणी सांगत नाही.

आजोबा: हे बघ, निळ्या सायकली त्या शाळेत मीच विकल्यात. दहा-बारा तरी असतील.

आई: आणि दोन वेण्यांच्या किती?

आजोबा: शाळेत फोन लावलास का?

आई: लावला. कारकून बाईंनी हजेरी बघितली. गैरहजर आहे ती, बाबा. वर्गात जाऊन विचारते आणि पाच मिनिटांत फोन करते म्हणाल्या.

आजोबा: मग मी निघतो. सायकलवर वीस-पंचवीस मिनिटांत पोचेन.

आई: कुठे पोचाल? तो रस्ता बंद केलाय. तुम्ही इकडे निघालात आणि दवाखाना तिकडे निघाला तर? थांबा ना. मला एकटीला नका सोडू इथे.

आजोबा: बरं. नाही जात.

आई: तो स्पोक ठेवा ना खाली.

आजोबा: हातात काहीतरी हवं. म्हणून तर मघापासून हा स्पोक हातातून सोडत नाहीये.

आई: पाच मिनिटं झाली असतील ना?

आजोबा: दोन झाली. वळणावर म्हणजे तू आखलेला सायकलींचा पट्टा गोदामाच्या फाटकासमोरून जातो, तिथेच ना?

आई: आत्ता नको, बाबा.

आजोबा: मी पट्ट्याच्या सभेत उभं राहून हेच सांगितलं होतं. सायकलींना कडेला टाकलं की ट्रकवाला त्यांना विसरतो. तो फाटकात वळणार आणि पोर आपली सरळ जाणार. रस्त्याच्या मधून गेली असती तर त्याच्या डोळ्यांसमोर असती.

आई: आणि मागून येणाऱ्या गाडीच्या चाकासमोर. तुम्ही चाळीस वर्षं मधून चालवलीत. मागून कुणी हॉर्न मारला की तुम्ही मान वळवून बघता आणि तो गप्प होतो. तुमची जरब आहे तेवढी. अकरा वर्षांच्या पोरीने मान वळवली तर कोण गप्प होणार आहे?

आजोबा: मी शिकवलंय तिला. हात कसा दाखवायचा, मागे बघताना हँडल सरळ कसं ठेवायचं, सगळं.

आई: मीही सहा महिने त्या पट्ट्यावर घासलेत. मध्ये कठडा हवाच म्हणून साहेबांशी तोंड वाजवलं. त्यांना नुसता रंग मारून मोकळं व्हायचं होतं.

आजोबा: फाटकासमोर कठडा नाही.

आई: फाटकासमोर कसा असेल? ट्रक आत कुठून जायचे?

आजोबा: तेच म्हणतोय मी.

आई: मला माहीत आहे ते. तिथे हिरवा रंग दिला आम्ही. मला वाटलं, रंग बघून थांबतील. नकाशावर तो तुकडा माझ्या करंगळीएवढा होता, बाबा. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय.

आजोबा: रडू नकोस. ती पट्ट्यावर नव्हतीच मुळी.

आई: होती. सभेत मी काय सांगितलं आठवतं ना? म्हटलं, माझी स्वतःची मुलगी रोज याच पट्ट्यावरून शाळेत जाते. तुम्ही सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजोबा: आणि मी येईल त्या गिऱ्हाईकाला ऐकवतो, माझी नात रस्त्यावरून जाते, पट्ट्याला चाकसुद्धा लावत नाही.

आई: तुम्हाला काय माहीत ती कुठून जाते ते?

आजोबा: तुला तरी काय माहीत?

आई: मला माहीत आहे. शपथ घातलीय मी तिला. माझ्या गळ्यावर हात ठेवायला लावला आणि म्हटलं, रस्त्यावर गेलीस तर बघ. तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं. बोला आता, काय बोलायचं ते.

आजोबा: कधी घातलीस?

आई: पट्टा सुरू झाला त्या दिवशी. तीन आठवडे झाले. असं काय बघताय?

आजोबा: मीही घातली.

आई: काय?

आजोबा: शपथ. त्याच दिवशी, संध्याकाळी. इथेच. पट्ट्यावर जायचं नाही म्हणून माझ्या गळ्याची. तुला सांगू नको म्हटलं.

आई: बाबा.

आजोबा: मला वाटलं, तू हट्टी आहेस, तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा पोरीलाच सांगावं.

आई: अहो, ती खरं मानते हो. शपथ मोडली की माणूस मरतं असं वाटतं तिला. मांजरीची खोटी शपथ घेतली होती तर दोन दिवस जेवली नव्हती.

आजोबा: मग ती जाते कुठून?

आई: मला काय विचारता? कुणालाच माहीत नाही ती कुठून जाते. तीन आठवडे आपण दोघं तिला पुढे करून भांडतोय आणि तिला एकदाही विचारलं नाही.

आजोबा: फोन वाजतोय. उचल.

आई: तुम्ही उचला. माझ्याने नाही होणार.

आजोबा: हॅलो. हो, आजोबा बोलतोय तिचा. तिची आई इथेच आहे. स्पीकर लावतो.

कारकून बाई: आली हो. आत्ताच आली फाटकातून. ठीक आहे. हाताला आणि बाहीला रक्त आहे, पण तिचं नाही. मी धुवून बघितलं, कुठेही लागलेलं नाही तिला.

आई: पुन्हा सांगा.

कारकून बाई: तिचं नाही. ठीक आहे ती. तुम्हाला मघाशी उगाच घाबरवलं मी. वर्गशिक्षिकांना विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, ती रोज दुसऱ्या तासालाच येते.

आजोबा: रोज?

कारकून बाई: तीन आठवडे झाले. तुम्हाला दोन पत्रं पाठवली की. मिळाली नाहीत का? थांबा, तिला देते फोन.

चिंगी: आई, रागावू नकोस. पत्रं माझ्या दप्तरातच आहेत.

आई: नाही रागवत, बाळा. तू बोल नुसती. काहीही बोल.

चिंगी: मी बाजूलाच होते. फुटपाथवर. सायकल हातात धरून.

आजोबा: हातात का? पंक्चर झाली का गं?

चिंगी: नाही. मी रोज हातातच नेते. तुमच्या कोपऱ्यावरून वळले की उतरते.

आई: एवढं अंतर? रोज?

चिंगी: मग काय करू? रस्त्यावर गेले असते तर तुला काहीतरी झालं असतं. पट्ट्यावर गेले असते तर आजोबांना. चालत गेलं की कुणालाच काही होत नाही.

आजोबा: अगं, मग सांगायचं ना आम्हाला.

चिंगी: दोघांनीही सांगू नको म्हटलं होतं.

आई: चुकलं आमचं. माझं चुकलं, चिंगे. कसली शपथ नि कसलं काय. सुटली ती, दोन्हीही सुटल्या.

आजोबा: ती मुलगी... ती रस्त्यावर होती की पट्ट्यावर?

आई: काय विचारताय हे, बाबा?

आजोबा: तोंडून गेलं. नको सांगूस, पोरी.

चिंगी: नाहीच सांगणार. ती नववीतली ताई आहे. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले होते. आधी ती आई आई करत होती. मग गप्प झाली. मला वाटलं, मेली. पण गाडीतले काका म्हणाले, श्वास चालू आहे. मला खूप भीती वाटली, आई. अजून वाटतेय.

आई: मलाही वाटतेय. तिथेच थांब. बाईंच्या शेजारी बस आणि कुठेही जाऊ नकोस. आम्ही दोघं येतोय.

चिंगी: आजोबा कसे येणार?

आजोबा: मी सायकल काढतो ना. वळसा घालून आलो तरी आईच्या आधी पोचतो बघ.

चिंगी: नका.

आजोबा: अगं, मी चाळीस वर्षं...

चिंगी: नका ना, आजोबा. रस्त्यावरून नका आणि पट्ट्यावरूनही नका.

आजोबा: बरं. नाही काढत. चालत येतो. तुझी आई आणि मी, दोघंही चालतच येतो.

चिंगी: चालत सव्वा तास लागतो. मी थांबते.