पांढऱ्या फळाचा पहारा

मंडळी, सरकून बसा, आणि आख्यान लावण्याआधी एक प्रश्न मनात धरा. माणूस चोर केव्हा ठरतो? त्यानं चोरी केल्यावर, की आपण मोजायला लागल्यावर? उत्तराची घाई नको. ऐका!

वाईच्या एका कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर मृदुला राहायची. शिकलेली, बँकेत नोकरी, पदरी चार वर्षांची रेवा. आणि काळजी? पोरीला दूध देताना पेला आधी स्वतः हुंगणार! बाजारातल्या स्ट्रॉबेरीवर फवारे मारतात, म्हणून हिनं मैत्रिणीकडून डोंगरी जातीचं बी मागवलं. खसखशीएवढं बी, वीतभर रोप, कुठं पसरत नाही, कुंडीतच गुमान राहतं. फळ करंगळीच्या नखाएवढं! गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन यायचं, तिथं सहा कुंड्या मांडल्या.

गॅलरी मात्र सामाईक. पलीकडचं दार अनसूयाकाकूंचं. मृदुला कामावर गेली की रेवा दिवसभर काकूंकडे. भात कालवणार काकू, थोपटून निजवणार काकू. आईनंतर पोरीला तेवढंच एक माणूस.

फळं धरली. हिरव्याची पांढरी झाली. मृदुलानं नेम केला — पहिलं लाल फळ देवापुढे, तोवर कुणी तोंडात घालायचं नाही. आता वाईच्या माणसाला स्ट्रॉबेरी शिकवायची का? पांढरी ती कच्ची, लाल ती पिकली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ही वाट बघत राहिली. सोमवारी अकरा मोजली. मंगळवारी नऊ. बुधवारी सात. आणि लाल? एकही नाही!

मन काय म्हणतं मग? लाल होत असणार, आणि हिच्या आधी कुणीतरी खुडत असणार. दिवसभर घरी कोण असतं? तशात काकू सहज बोलून गेल्या, "अगं, पिकलीत ती. वास माझ्या ओट्यापर्यंत येतोय."

झालं! चाखल्याशिवाय कळलं कसं?

आणि संशय एका फळावर थांबतो होय? जी फळं लपवून खाते, ती पोरीला पोटभर जेवू घालत असेल कशावरून? मृदुलाला रेवा बारीक दिसायला लागली. काटा तेवढंच वजन दाखवत होता, पण काट्यावर कोण विश्वास ठेवतो! गुरुवारी तिनं रजा टाकली आणि रेवाला आता पाळणाघरात घालणार म्हणून काकूंना कळवलं. काकूंनी कारण विचारलं नाही. रेवा मधल्या भिंतीला टेकून बसली, ती जेवायला उठलीच नाही.

इकडे कुंड्यांवर मच्छरदाणीचं कापड बांधलं, गाठीवर गाठ मारली. शुक्रवारी सकाळी बघते तर गाठी जशाच्या तशा — आणि दोन फळं कमी! तिनं कापड सोडलं, पानं बाजूला केली. खाली मातीत दोन्ही पडलेली. पांढरीच, पण लोण्यासारखी मऊ. वास घमघमतोय, मुंग्यांची रांग लागलीय; आधीची चार तर त्यांनी केव्हाच फस्त केलेली. मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "सांगायचं राहिलंच बघ. ही लाल होतच नाही. पांढरीच पिकते आणि गळते. पाखरंही कच्ची समजून सोडून देतात."

पाखरं फसतात, मंडळी, आणि पदवीधरही!

उरलेली पाच फळं वाटीत घेऊन ती शेजारच्या दारात गेली. मोजल्याचं सांगितलं, मनात आलं तेही सांगितलं. "देवाला अजून दाखवली नाहीत, काकू. आधी तुम्ही घ्या."

काकूंनी वाटीला हात लावला नाही. "गाठी मारताना तू माझ्या दाराकडे बघत होतीस," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळलं मला. फळं राहू देत. पोर कालपासून जेवली नाही, रडणं ऐकू येतं. तिला आण."

रेवा काकूंच्या मांडीवर बसून ताटभर जेवली. मृदुला उंबऱ्याबाहेर उभी. 'आत ये' असं काकू त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. पोरीला दार उघडलं. आईला अजून थांबायचं होतं.

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर मला नको. या मंडपात दोन सख्ख्या जावा दोन टोकांना बसल्यात. एक शेजारी दुसऱ्याकडे पाठ करून बसलाय. नावं घेत नाही. इथं उभं राहिलं की सगळं दिसतं! आरतीला उठाल, तेव्हा तेवढी जागा बदला.