तीन नंबरचा आवाज

नाही, आज चहा नाही मिळणार. मागे दोनदा आलात तेव्हा पाजला ना, काय उपयोग झाला? बसा, उघडा ती तुमची काळी स्क्रीन, आणि आज 'हो जाएगा' म्हणू नका दिपेशभाई – तीन आठवडे तेच ऐकतेय. मराठी कळतं ना? शांती नगरात वाढलात, शिव्यांपुरतं तरी कळत असेल. लिनक्स लावा, फुकटात पडेल, व्हायरस येत नाही – आमच्या सरांना हे तुम्हीच पटवलंत. क्लासला आठ डबे बसवलेत, डब्यांत स्वतःचं काही नाही, सगळं चालतं केबिनमधल्या मोठ्या मशीनवर. ठीक. पण आवाजही तिथेच निघणार, हे सांगायचं कुणी? मी आपली शिकवायला उभी – मुलांनो, सिंहावर क्लिक करा, लायन म्हणा – इथे हेडफोन घालून सात पोरं मख्ख, आणि तिकडे केबिनमध्ये सातही सिंह एकदम डरकाळले! ॲडमिशनला आलेली बाई पर्स टाकून उठली. हसू नका. ती गेली ती गेलीच, बोलणी मी खाल्ली. सरांनी त्याच दिवशी मोठ्या मशीनचे स्पीकर उपटून कपाटात टाकले. तेव्हापासून सगळं मुकं.

काय? हळू बोलू? का – ती दचकेल म्हणून? ती नाही दचकत. म्हणजे – गुंग असते चित्रांत. माझीच मुलगी, मिनल. येत्या दिवाळीत तीन पूर्ण होतील. सासूबाई भाताच्या लावणीसाठी गुहागरला गेल्यात, म्हणून आणते बरोबर, बसवते तीन नंबरवर. हाक मारली तरी वळत नाही – सासूबाई म्हणतात बापावर गेलीय, तोही चौथ्या वर्षी बोलला. असेल. माझं काय, मी सायबरमध्ये बसून वाचते आणि जे वाचते ते सगळं हिलाच झालंय असं वाटतं. भाईंदर पश्चिमेच्या कानाच्या डॉक्टरकडे दोनदा नंबर लावला, दोनदा रद्द केला. कशामुळे माहितीय? तुमच्यामुळे. हो, तुमच्याच! हेडफोन घातले तिला, आवाज फुल्ल केला, सिंहावर क्लिक केलं – ढिम्म. पापणीसुद्धा हलली नाही. पुन्हा क्लिक केलं, आणि मग आठवलं, अगं बाई, यातून आवाज येतच नाही! इतकं हायसं वाटलं ना – तुम्हाला दुवा देणार होते. घरी जाऊन यांना सांगितलं, मिनूचं काही नाही, मशीनच खराब आहे. त्या रात्री धड झोपले मी. मग रोज तिला घालायचे. रोज ढिम्म. रोज म्हणायचे, दिपेशभाईंनी अजून काही केलं नाही.

तीन नंबरचं काय? – कधी? दुरुस्तीला आलात त्या पहिल्याच दिवशी? कीबोर्डची बटणं तुटलीत, पोरं तिथे बसत नाहीत, म्हणून आधी त्याच्यावर ट्रायल घेतलीत. आणि आवाज झाला चालू. आणि सरांना सांगितलंत. सरांना! या वर्गात उभी कोण राहते, सर? … खोटं बोलताय. आत्ता केलंत तुम्ही ते, मी चहाचं बोलले म्हणून बिल पास व्हायला – थांबा, मीच बघते. मिनू, दे गं आईला हेडफोन जरा.

… येतोय.

बी.एस्सी. झालेली बाई मी. तीन आठवड्यांत एकदाही स्वतःच्या कानाला लावून बघितलं नाही. का नाही? तुम्ही नाही विचारलंत, ठाऊक आहे – मीच विचारतेय. बारीक कुजबुज यायची हेडफोनमधून, तिच्या डोक्याशी वाकलं की. मी म्हणायचे, पंखा आहे. पंखा बंद असला तरी पंखाच. – असं बघू नका माझ्याकडे. तुमची ती कीव तुमच्या बॅगेत घाला, वायरींबरोबर.

हे काय करताय? तिच्या मागे जाऊन टाळी? हात खाली करा! माझ्या पोरीवर ट्रायल घ्यायची नाही. एक झाली तेवढी बास. सही कुठे हवीय, इथे? 'तीन नंबर – आवाज व्यवस्थित.' घ्या, लिहिलं. बाकीच्या सातांचं उद्या बघा, आता निघा. नाही, पाणी नकोय मला. निघा म्हटलं ना.

आणि दिपेशभाई – जाताना दार आपटा. हळू नाही, जोरात. तिची पाठ आहे तिकडे, मी तिच्यासमोर बसतेय.

आपटा.