लख्ख काच

शोभेच्या माशांच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा उभे होते.

"तो काचेला चिकटणारा बारका कॅटफिश द्या. महिन्यातला तिसरा."

"आधीचे दोन गेले?"

"गेले. आमची ही होती तोवर एकच चार वर्षं जगला."

"खायला काय घालता?"

"तुमचेच दाणे. तोंड लावत नाहीत."

"आणि काचेवरचं शेवाळ?"

"छे! ही गेल्यावर आधी ते खरवडून काढलं. आता रोज पुसतो, अगदी लख्ख."

"अहो आजोबा, शेवाळ हेच त्याचं जेवण! उपाशी मेले ते."

"काय सांगता? म्हणून ती कधी काच पुसत नसे?"

"म्हणूनच."

"अहो, मी तिला आळशी म्हणायचो. पाहुण्यांसमोर."

"बसा जरा, आजोबा. पाणी देऊ?"

"आणि ती नुसती हसायची हो."