सरूची वही

— नाय नाय, आधी बसा बाई, चहा सांगितलाय — आणि तुम्हीच सांगा, माणसानं भरवसा ठेवायचा कुणावर? डॉक्टरांवर? छावणीतले आमचे डॉक्टर देवमाणूस, त्यांचं काय चुकलं! हे शेजारचे कमरोद्दीन टेलर बघा — वीस वर्षं झाली, माझ्या दुकानातलं कापड परत मोजत नाहीत. एकदा गिऱ्हाईकानं हट्टानं मोजायला लावलं, तर चार बोटं जास्तच निघालं! ‘सेठ का गज लंबा है,’ म्हणाले — अख्खं शहागंज हसलं. असा मी.

शुक्रवारी शाळेच्या पायरीवर आमची सरू पडली, तुम्ही तिला कुशीवर वळवलं, नाकाशी चप्पल धरणाऱ्यांना हाकललं — लई उपकार. पण गोळ्या चालू असताना फिट आली कशी, हेच विचारायला आलात ना? सांगतो. डॉक्टरांनी वही दिली होती. फिट आली की तारीख, वेळ, किती मिनिटं, सगळं लिहायचं. दोन वर्षं कोरी गेली तर गोळ्या कमी करत आणू, म्हणाले. झालं, मी दिवस मोजायला लागलो. गेल्या चैत्रात पोरगी जेवता जेवता थांबली — घास हातात, डोळे भिंतीला — मी हाका मारतोय, सरू, सरू — पाचेक सेकंद — मग पुन्हा जेवायला लागली. आता ह्याला काय फिट म्हणायचं? नाय लिहिली. मग आणखी एक. तिची आई म्हणाली, लिहा हो. म्हटलं, उगं अभद्र बोलू नको. अशा किती? अकरा. व्हय, अकरा — न लिहिलेल्या सगळ्या तारखा पाठ आहेत मला. कोरी पानं बघून डॉक्टरांनी शाबासकी दिली, गोळी अर्ध्यावर आणली, अन् मी पेढे वाटले — तुम्हीपण खाल्लाय बाई, त्यातला एक.

काल डॉक्टरांना खरं सांगून आलो. रागावले असते तर बरं होतं. गोळी पहिल्यासारखी केली, नवी वही दिली — दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. वाटेत सरू विचारते, बाबा, माझं काय चुकलं?

— घ्या ना, गार होतोय.

ही ती वही. शाळेतलं तुम्ही लिहा, घरचं तिची आई लिहील. हातातली पेन्सिल पडली, नुसती टक लागली, तरी लिहा. मी येईन, हात जोडीन, एवढी एक सोडा म्हणेन — ऐकू नका माझं. हिशोब खरा ठेवा, बाई. या आता.