पाणी धरणारा मनोरा

आमी मूळचे बेलापूरच्या खाडीकाठचे, आजा होड्या बांधायचा, बापूस बांधायचा, मी हिराजी मिस्त्री, मी पन तेच केलं, पन मग फायबरच्या होड्या आल्या आनि माझं करवत-रंधा माळ्यावर गेलं. काय सांगू तुमाला, कोनाचं दार घासून दे, कोनाला पाट करून दे, असली कामं. स्वतःला मिस्त्री बोलायची पन लाज वाटायची.

तेवढ्यात खाडीवरच्या बागेत पक्षी बघायला लाकडी मनोरा बांधायचं निघालं. काम माझ्याकडं आलं, इंजिनीयर मॅडम नकाशा घेऊन आल्या, चारी खांब सरळसोट. मी बोललो मॅडम, इथं वारा खाडीवरून येतो, खांबांचे पाय फाकवा, नायतर एक दिवस मनोराच पक्ष्यांबरोबर उडंल. हसल्या, पन नकाशा बदलला हां! माझ्या शब्दावर! मना आनंदानं जेवन गेलं नाय. आमची मंडळी बोलली, आता चुकलं तर तुमच्याबरोबर त्या बाईचं पन नाक कापलं जाईल. खरंच होतं तिचं.

म्हनून जीव ओतून बांधला. वरचा मजला तर काय, फळीला फळी भिडवली, फटीत कापूस ठासला, वर राळ. कोनाचा पाय घसरू नये म्हनून कडेला वीतभर उभी फळी, जिन्याच्या तोंडाशी उंबरा. मोठे साहेब तपासायला येनार म्हनून सकाळी पाइप लावून धुतला, तर पानी काय जाईना! घोट्याएवढं तसंच उभं. जन्मभर पानी आत येऊ नये म्हनून बांधलं, बाहेर जायला वाट ठेवायची हे डोक्यातच नाय आलं.

आनि साहेब आलेच. बूट पान्यात. मॅडमचं तोंड एवढंसं. बोलल्या, मिस्त्री, हे काय? मी खरं तेच सांगितलं, मॅडम, सवयीनं होडी झाली. साहेब असे हसले, कठडा धरून हसले, मग तोच कठडा गदागदा हलवला, मनोरा तसूभर हलला नाय. बोलले, भोकं पाडा, बाकी पास.

ड्रिल हातात घेतलं आनि दोनदा परत खाली ठेवलं हो. तळाला आपल्या हातानं भोक पाडायचं म्हंजे!

आता रोज मानसं चढतात, फ्लेमिंगो बघतात. मी पन जातो, पन माझी नजर भोकांवर. कापूस ठासायला हात शिवशिवतात. मग मनाला समजावतो, अरे हिराजी, ही होडी कुठं पान्यात जायचीय? चढनारा हसत खाली उतरू दे, बास.