अध्यक्षांचं हेल्मेट आणि हॉलमधलं झाड

ज्याच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, अशा माणसापासून किती अंतरावर उभं राहावं? मी या प्रश्नाने सुरुवात करते आहे खरी, पण प्रामाणिकपणे सांगते, मला त्याचं उत्तर येत नाही. परीक्षेत असा प्रश्न आला असता, तर मी तो सोडून पुढे गेले असते. इथे पुढे जायला जागा नाही, कारण समोर झाड आहे.

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, माननीय उपाध्यक्ष, लेखा विभागाचे प्रमुख, झाडाच्या अलीकडे बसलेले वृक्ष विभागातले माझे सहकारी, झाडाच्या पलीकडे बसलेले आणि त्यामुळे मला फक्त केसांवरून ओळखू येणारे आमचे नातेवाईक, मधल्या फांदीवर जागा मिळालेले पत्रकार बंधू, आणि आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे उस्ताद म्हणता आणि मी बाबा म्हणते, त्या सर्वांना माझा नमस्कार.

मला गौरवाचे दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. माझे दोन शब्द संपले की उस्ताद या झाडावर आपल्या नोकरीतला शेवटचा कट मारतील आणि नंतर चहा आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. म्हणजे आत्ता करवतीचं मशीन आणि झाड यांच्यामध्ये फक्त माझं भाषण उभं आहे. ते थोडं लांबलं, तर समजून घ्यावं.

बाहेरगावच्या पाहुण्यांना हे झाड सजावटीचा भाग वाटलं असेल. तसं नाही. सजावट म्हणजे फक्त त्याच्यावरच्या दिव्यांच्या माळा. झाड वादळात आलं, छतातून आलं आणि व्यासपीठासमोर आडवं झालं. लोकांच्या घरांवर, रस्त्यांवर पडलेली झाडं कापून बाजूला करणं हेच आमच्या विभागाचं काम. मी दुसऱ्याच दिवशी तक्रार खिडकीवर गेले. तिथले लिपिक म्हणाले, "मॅडम, तक्रार नागरिकाने करायची असते. आपण नागरिक नाही. आपण विभाग आहोत."

मी म्हटलं, "संध्याकाळी सहानंतर तर मी नागरिक असते ना?"

"असता. पण सहानंतर खिडकी बंद असते."

त्यामुळे कागदोपत्री हे झाड अजून बाहेर उभं आहे. अध्यक्ष महोदयांनी मात्र यातूनही मार्ग काढला, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, उस्तादांची निवृत्ती याच आठवड्यात, झाड याच हॉलमध्ये, असा योग पुन्हा येणार नाही. कार्यक्रम इथेच घ्या.

व्यासपीठावरच्या मान्यवरांची ओळख करून द्यायचं कामही माझ्याकडेच आहे. सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाल्यावर मी पहिली मागणी केली ती मशीन चालवणाऱ्याच्या पोशाखाची. पूर्ण संच आला. पण एकच आला, आणि आपल्या विभागात माणसं पुष्कळ. भांडारपाल मला म्हणाले, "सगळं एकाच माणसाला दिलंत, तर बाकीच्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, "बाकीच्यांच्या हातात मशीन नसतं." त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू मी सरकारी नोकरीत नव्हे, तर त्यांच्या घरात भांडण लावायला आले आहे. शेवटी वाटप ज्येष्ठतेनुसार झालं.

अध्यक्ष महोदयांच्या डोक्यावर जे नारिंगी हेल्मेट दिसतं आहे, ते वरून तुटून येणाऱ्या फांदीसाठी आहे. प्रमुख पाहुण्यांच्या चेहऱ्यासमोरची जाळी भुशापासून डोळे वाचवते. त्यांना मघाशी पुष्पगुच्छ देताना पाकळ्या जाळीत अडकल्या, त्याबद्दल मी विभागाच्या वतीने दिलगिरी व्यक्त करते. उपाध्यक्षांच्या कानांवर आवाज रोखणारी टोपणं आहेत. त्यांना माझं भाषण ऐकू येत नाही, तरीही शेजारच्याने घाम पुसायला हात उचलला की ते टाळ्या वाजवतात, हा त्यांचा मनाचा उमदेपणा आहे. लेखाप्रमुखांनी घातलेली जाड विजार दिसायला साधी आहे, पण तिच्या आत धाग्यांचे थर आहेत. चालत्या मशीनची चेन चुकून मांडीला लागली, तर ते धागे बाहेर येऊन चेनमध्ये गुंततात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. लेखाप्रमुख ती रोज घालतात. दिवसभर खुर्चीत बसून मांड्या आखडतात, हिने ऊब येते, असं त्यांचं म्हणणं आहे. बोटांवर लोखंडी टोपी असलेल्या बुटांबद्दल थोडा पेच झाला, कारण दोन्ही उपअभियंते एकाच दिवशी रुजू झालेले. त्यांनी समजूतदारपणे एकेक घेतला.

उस्तादांच्या वाट्याला खोका आला. त्या खोक्यावर पूर्ण पोशाख घातलेल्या माणसाचं रंगीत चित्र आहे. बाबांनी तो घरी आणला, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "बघ, असा दिसलो असतो मी."

हो काका, मी तुमच्याशीच बोलते आहे. खुर्ची मागे घ्या.

पाहुण्यांनो, आमच्या तुकडीची एक रीत आहे. उस्ताद मशीन चालू करतात तेव्हा बाकीच्यांनी मागे सरायचं नाही, पुढे यायचं. ज्याचा आदर जास्त, तो अधिक जवळ. मागे उभा राहणारा म्हणजे संशय घेणारा. मी पुस्तकात शिकले होते, की कापणाऱ्याच्या भोवती चांगलं ऐसपैस रिंगण मोकळं हवं, आणि त्याला स्वतःला पळायला मागे वाट हवी. म्हणून आज सकाळी मी खडूने लांबवर रेषा आखली आणि मंडपवाल्यांना सांगितलं, खुर्च्या रेषेच्या बाहेर. त्यांनी रेषेला सुंदर नक्षी काढली आणि खुर्च्या मानाप्रमाणे आत मांडल्या. माझे काका इतक्या मानाच्या जागी आहेत, की त्यांचे गुडघे खोडाला टेकले आहेत. आत्याने खोडावर पर्स ठेवली आहे.

काकांना मी सांगायला गेले तर म्हणाले, "का गं, बापावर विश्वास नाही तुझा?"

"बाबांवर आहे. झाडावर नाही."

"शिकवलं म्हणून असं बोलतेस," ते म्हणाले, आणि खुर्ची आणखी दोन बोटं पुढे घेतली.

खरं म्हणजे विश्वास न ठेवण्यासारखं या झाडात काय आहे, ते सगळ्यांना दिसतंच आहे. एक टोक तिकडच्या भिंतीत रुतलं आहे, दुसरं अंगणात मुळांवर टेकलं आहे, मधला भाग वाकला आहे. वरची बाजू दाबलेली आहे आणि खालची ताणलेली. वरून कापत गेलं तर फट मिटते आणि पातं चिमटून बसतं. खालून कापलं तर खोड कोणत्या क्षणी सुटेल, ते झाडालाच ठाऊक. पात्याचं टोक कुठे टेकलं, तर मशीन उसळून थेट तोंडावर येतं. आणि अंगणात ती जी मुळांची भिंत उभी राहिली आहे, तिच्यावरचं खोडाचं वजन गेलं की ती पुन्हा आपल्या खड्ड्यात धपकन बसते. ऊन लागू नये म्हणून चहाची टेबलं तिच्याच आडोशाला लावली होती. ती मी मघाशी फाटकाजवळ हलवली. चहा थोडा निवला असेल.

आता सत्कारमूर्तींविषयी. अध्यक्षांनी त्यांना जो रेशमी पट्टा घातला आहे, तो फार देखणा आहे. त्याची झालर गुडघ्यांपर्यंत येते. मशीन हातात असलेल्या माणसाच्या अंगावर लोंबणारं काही नसावं, हे मला बाबांनीच लहानपणी शिकवलं. माझ्या वेणीला ते मशीनच्या खोलीत येऊ देत नसत. पण मान म्हणून घातलेली वस्तू काढायची कशी? तेही काढत नाहीत आणि मीही काढ म्हणू शकत नाही. अशी आमची दोघांची अडचण आहे.

आमच्या घरात पदवी पहिल्यांदा मी आणली. बाबांनी चौकट करून आणली, भिंत निवडली, खिळा निवडला. मग हातोडी शेजाऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्हीच ठोका." आमच्या घरात बाबा असताना दुसऱ्या कुणी हत्यार धरलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी गळ्यात हार पडल्यासारखी आनंदात होते, पण लक्ष सारखं त्या हातोडीकडे जात होतं. नंतर आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या सदऱ्याची बटणं कधीपासून मी लावते, ते तुला आत्ता दिसलं होय?"

मशीनचा थरथराट वर्षानुवर्षं हातात गेला, की बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. जाड हातमोजे आणि मधे मधे विश्रांती असेल तर त्रास कमी होतो. ते हातमोजे अध्यक्षांचे चालक वापरतात, कारण त्यांच्या गाडीचं चाक उन्हात तापतं. मी कुणाला दोष देत नाही. उन्हात चाक खरोखर तापतं.

काल बाबा मशीन साफ करत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

म्हटलं, "बाबा, उद्या नाही म्हणा ना."

"कशाला?"

"कट मारायला."

"अगं, आजवर कुठल्या झाडाला नाही म्हटलं मी? आणि उद्या तर सगळे बघायला येणार. तुझ्या आत्याने नवीन चप्पल घेतली आहे."

"मशीन हातात धरलं आहे, हे बोटांना कळतं का?"

त्यांनी तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. "आवाजावरून कळतं."

"आणि आवाज ऐकू येतो?"

"हाताला जाणवतो की."

असं म्हणून ते हसले, मीही हसले. मग त्यांनी कानस उचलली आणि चेनला धार लावायला घेतली. त्यांना भीती वाटते का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं, आणि नाही हा शब्द ते फक्त तेवढ्यासाठीच वापरतात.

उपाध्यक्ष साहेब, अजून संपलं नाही. पण टाळ्यांबद्दल आभारी आहे.

मी शिकून मोठी झाले, म्हणजे मला बाबांपेक्षा जास्त कळतं, असं मी म्हणत नाही. कोणती फांदी कुठे जाईल, हे मला आजही सांगता येणार नाही. मला एवढंच कळतं, की आख्ख्या संचाला अर्थ असतो तो एका अंगावर असताना. सात माणसांवर वाटला तर सातही जण उघडेच असतात, आणि आठवा तर असतोच. हे झाड कापायला शेजारच्या शहरातली तुकडी उद्या सकाळी येते आहे. त्यांच्यात प्रत्येकाला स्वतःचं हेल्मेट आहे. हॉल रिकामा लागेल, असं त्यांनी सांगितलं आहे.

आता आभार. अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, मंडपवाल्यांनी खडूच्या रेषेत रंग भरले, पत्रकार बंधू फांदीवर न हलता बसले, आणि नातेवाइकांनी झाडाआडून का होईना, मला ऐकलं, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. बोलताना कुणाच्या पदाचा मान राखायचा राहिला असेल, एखादं नाव मागे-पुढे झालं असेल, तर लेक समजून ते पदरात घ्यावं.

उस्तादांना पुढे बोलावण्याआधी एक माहिती द्यायची राहिली आहे. तिथे फुलांमध्ये ठेवलेल्या मशीनला चेन नाही. काल बाबांनी कानशीने घासून जिला धार लावली, ती आज सकाळी मी पान्याने सोडवून काढली. सुरक्षा अधिकारी म्हणून काढली, तो अधिकार मला याच विभागाने दिला आहे. रागवायचं असेल, तर मुलगी म्हणून रागवा. मशीन सुरू होईल, आवाज होईल, आणि फोटोत चेन आहे की नाही हे कळत नाही, असं फोटोग्राफर म्हणाले आहेत. बाबा, तुम्ही कशालाच नाही म्हटलेलं नाही. तुमच्या वाट्याचं नाही मी म्हटलं आहे. हे नीट ऐकू आलं नसेल, तर आई घरी सांगेल, तिच्या पद्धतीने. चेन कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली मी आईला दिली आहे.