वर नुसतं 'पेण, वार्ताहर'

त्या लबाड पत्रकाराच्या पिक्चरचं नाव माझ्यासमोर काढू नका. पाहिला मी. आवडला, तीच तर पंचाईत झाली.

पेणजवळ गडब गावात, हायवेच्या टपरीवर मी, सुरेश आणि पांडू चहा घेत होतो. सुरेश पिक्चरवरून तापलेला. "घरात बसून खोट्या बातम्या द्यायच्या आणि शेवटी रडलं की सुटलं व्हय?"

पांडू म्हणाला, "चुकला माणूस. सोड ना त्याला."

"नाय सोडणार. तू कशाला त्याची बाजू घेतोस?"

आता माझं ऐका. पूर्वी मी इथल्या एका साप्ताहिकाला बातम्या द्यायचो. बातमीवर माझं नाव नसायचं, नुसतं 'पेण, वार्ताहर'. एकदा खाडीचा बांध फुटून खांड पडली. गुडघाभर चिखलात कोण जाणार, म्हणून मी घरूनच बांधाची कामं बघणाऱ्या सरकारी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले 'बुजवली', मी लिहिलं 'बुजवली'. मग तिकडे कुणी फिरकलंच नाही. खारं पाणी शिरलं ते पांडूच्या भातशेतात. अजून तिथे काही पिकत नाही.

पिक्चरचा परिणाम म्हणा, मी बोलून गेलो. "पांडू, ती खांडीची बातमी माझी होती."

पांडूने बशीतला चहा संपवला.

"ठाव हाय. साहेबानं तेच कात्रण दाखवून मला परत पाठवलेला. पेणचा वार्ताहर दुसरा होता कोण? आता त्या पिक्चरवाल्यासारखा रडू नको फक्त. शेतात हाय तेवढं खारं पाणी पुरे."